एका शिवाराची नावे

माणसाने भूमीवर उभारलेल्या वस्तू काळाच्या ओघात झिजतात. राजवाडे ढासळतात, मठ ओस पडतात, राज्येही बदलतात. परंतु माणसाने एखाद्या टेकडीला, ओढ्याला किंवा शेताला दिलेले नाव पुष्कळदा या सर्वांहून अधिक काळ टिकते. त्याला चुना लागत नाही की दगड लागत नाही. आजीच्या तोंडून ते नातवाच्या कानी जाते आणि नातू म्हातारा झाला की पुन्हा त्याच्या नातवाला मिळते. मात्र ते उच्चारणाऱ्यांची भाषाच बदलली, तर नाव राहते आणि त्याचा अर्थ हरपतो. आयर्लंडमधील न्यूग्रेंज नावाच्या एका लहानशा शिवाराची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

आयर्लंड हे युरोपच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात वसलेले हिरवेगार बेट आहे. तेथील जमीन फार प्राचीन काळापासून लहान लहान विभागांत वाटलेली आहे. अशा विभागाला तेथे टाउनलँड म्हणतात. टाउन म्हणजे शहर, असे आपण शिकतो. परंतु या शब्दाचा शहराशी काही संबंध नाही. टाउनलँड म्हणजे स्वतःचे नाव आणि स्वतःच्या सीमा असलेला शेतजमिनीचा तुकडा. मराठीत त्याला शिवार म्हणता येईल. एखादे शिवार चार-दोन एकरांचे असते, तर एखादे हजारो एकरांचे. सरासरीने पाहता एका शिवाराचे क्षेत्र सुमारे ३२५ एकर भरते. साऱ्या बेटावर अशी ६०,००० हून अधिक शिवारे आहेत, आणि त्या प्रत्येकाला नाव आहे. खेड्यातला माणूस आपला ठावठिकाणा सांगताना आजही या शिवाराचेच नाव सांगतो.

यांपैकी बहुतेक नावे आयरिश भाषेतील आहेत. ती प्रथम ऐकताना अपरिचित वाटतात, परंतु त्यांची फोड केली की डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. 'क्नॉक' म्हणजे टेकडी, 'डेरी' म्हणजे ओक वृक्षांची राई, 'किल' म्हणजे लहानसे चर्च, 'बॅली' म्हणजे वस्ती. आयर्लंडच्या राजधानीचे डब्लिन हे नावही 'दुव लिन', म्हणजे काळा डोह, या दोन शब्दांपासून झाले आहे. ज्याने हे नाव प्रथम उच्चारले, त्याच्यासमोर शहर नव्हते. नदीच्या काठचे काळेशार, खोल पाणी होते.

डब्लिनच्या उत्तरेस मीथ नावाचा परगणा आहे. मीथ या नावाचा अर्थ 'मधला' असा आहे. आयरिश भाषा आणि संस्कृत या दोन्ही एकाच प्राचीन भाषाकुळातून निघाल्या आहेत. म्हणून मीथ या नावाचे मूळ आणि आपला 'मध्य' हा शब्द यांचे दूरचे नाते आहे. या परगण्यातून बॉइन नावाची नदी वाहते. दुसऱ्या शतकात टॉलेमी या भूगोलवेत्त्याने या नदीचे नाव 'बुविंदा' असे नोंदवून ठेवले. त्याचा अर्थ 'पांढरी गाय' असा लावतात. त्यातील गाईचा वाचक 'बो' हा शब्द संस्कृतातील 'गो' आणि मराठीतील 'गाय' यांचाच सगोत्र होय. हजारो कोसांवरील दोन देशांत माणसे गुरांना जवळजवळ एकाच मूळच्या शब्दाने हाक मारीत होती, याची साक्ष त्या नदीच्या नावात आजवर राहिली आहे.

हीच बॉइन नदी समुद्राकडे जाताना एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या कवेत न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ ही तीन शेजारची शिवारे आहेत. न्यूग्रेंजच्या शिवारात नदीकाठच्या उंचवट्यावर एक विशाल गोलाकार टेकाड आहे. त्याचा व्यास सुमारे ८५ मीटर असून त्याच्या पायथ्याशी ९७ प्रचंड शिळा वर्तुळाकार मांडलेल्या आहेत. टेकाडाच्या पोटात दगडांनी बांधलेला सुमारे १९ मीटर लांबीचा अरुंद मार्ग आहे, आणि त्याच्या टोकाशी एक उंच दालन आहे. हे टेकाड निसर्गाने घडविलेले नाही. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांनी ते रचले. तेव्हा त्यांच्यापाशी लोखंड नव्हते, लेखनविद्याही नव्हती. मिसर देशातील गिझाचा महान पिरॅमिड त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी उभा राहिला. ज्यांनी हे दालन बांधले, ते त्याला काय म्हणत होते, हे सांगणारा एकही शब्द उरलेला नाही. हा या शिवाराच्या इतिहासातील मुका काळ होय.

त्यानंतर हजारो वर्षांनी आयरिश भाषा बोलणारे लोक या नदीकाठी नांदू लागले. ते टेकाड पाहून त्यांनी ठरविले की, हा देवांचा निवास असला पाहिजे. त्यांनी त्या परिसराला 'ब्रू ना बोन्ये' असे नाव दिले. ब्रू म्हणजे वाडा. ब्रू ना बोन्ये म्हणजे बॉइनकाठचा वाडा. वाड्याचा धनी दाग्दा नावाचा देव आणि त्याचा पुत्र एंगस यांच्याविषयी एक मजेदार जुनी कथा आहे. दाग्दाने सर्व देवांना निवास वाटून दिले, तेव्हा एंगस तेथे नव्हता. परत आल्यावर त्याने आपल्या वाट्याचा निवास मागितला. आता काही उरले नाही, असे उत्तर मिळताच तो म्हणाला, "मग मला दिवस आणि रात्र तुमच्या वाड्यात राहू द्या." दाग्दाने आनंदाने होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याने पुत्राला वाडा सोडण्यास सांगितले. तेव्हा एंगस हसून म्हणाला, "दिवस आणि रात्र यांखेरीज जगात दुसरा काळ कोणता? आपण मला दिवस आणि रात्र दिली. म्हणजे हा वाडा सदासर्वकाळासाठी दिला." जुन्या आयरिश भाषेत मराठीप्रमाणेच 'दिवस' आणि 'एक दिवस' हा भेद बोलणाऱ्याने केला नाही, तर तो आपोआप होत नाही. शब्द तोलून न घेतल्यामुळे देवालाही आपला वाडा गमवावा लागला!

शेजारच्या शिवारांच्या नावांनाही अशाच कथा आहेत. नाउथचे जुने नाव क्नोग्बा. बुई नावाच्या देवतेची टेकडी म्हणून हे नाव पडले, असे जुने कथाकार सांगत. डाउथचे जुने नाव दुवध. त्याचा अर्थ अंधार. ब्रेसल नावाच्या राजाने आकाशाला भिडेल असा मनोरा बांधण्याचे मनात आणले. लोकांनी एक दिवस काम करण्याचे कबूल केले. मनोरा पुरा होईपर्यंत दिवस मावळू नये, म्हणून राजाच्या बहिणीने मंत्राच्या बळाने सूर्य आकाशात थोपवून धरला. परंतु राजाच्या हातून घोर अपराध घडला, मंत्र भंगला आणि एकाएकी काळोख पसरला. कामकरी हातातली अवजारे टाकून घरी गेले. त्या काळोखामुळे त्या जागेचे नाव 'अंधार' असे पडले. स्थळांच्या नावांची उपपत्ती सांगणाऱ्या अशा कथा आयर्लंडमध्ये विपुल आहेत. त्यांच्या संग्रहास 'दिन्शेनखस' म्हणजे प्रसिद्ध स्थळांची परंपरागत माहिती असे म्हणतात. विद्वान कवीला या कथा मुखोद्गत असाव्या लागत. ज्याला आपल्या देशातील स्थळांच्या नावांची कहाणी ठाऊक नाही, तो कवी अपुरा, असे त्या लोकांचे मत होते.

पुढे काळ पालटला. इ. स. ८६३ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या परकीयांनी नाउथ आणि डाउथ येथील भुयारे लुटल्याची नोंद जुन्या बखरींत आढळते. इ. स. ११४२ मध्ये मॅलकी या धर्मपुरुषाच्या प्रेरणेने बॉइनच्या खोऱ्यात मेलिफाँट येथे ख्रिस्ती साधूंचा एक मोठा मठ स्थापन झाला. हे साधू शेतीत निष्णात होते. मठाला मिळालेल्या दूरदूरच्या जमिनी ते आपल्या कष्टकरी बंधूंकडून कसवीत. अशा प्रत्येक शेतीकेंद्राला 'ग्रेंज' म्हणत. धान्य या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हा शब्द झाला आहे. धान्याचे कोठार आणि त्याभोवतीची शेतवाडी असा त्याचा अर्थ. बॉइनकाठच्या वाड्याचे शिवारही मठाच्या मालकीचे झाले. इ. स. १३४८ च्या एका राजपत्रात मठाच्या जमिनींमध्ये 'ल न्यूग्रेंज', म्हणजे नवी शेतवाडी, असा उल्लेख आहे. अशा रीतीने जगातील अतिप्राचीन वास्तूंपैकी एक वास्तू ज्या शिवारात उभी होती, त्या शिवाराच्या नावातच 'नवे' हा शब्द जाऊन बसला! साधूंना यात काही विपरीत वाटले नसावे. त्यांच्या लेखी ते झाडाझुडपांनी झाकलेले टेकाड होते. त्यांना प्रयोजन होते ते भोवतालच्या सुपीक जमिनीशी.

इ. स. १५३९ मध्ये राजाज्ञेने मेलिफाँटचा मठ बंद झाला आणि त्याच्या जमिनी सरदारांच्या हाती गेल्या. इ. स. १६९० मध्ये याच नदीच्या काठी इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजांत लढाई झाली. त्या धामधुमीनंतर कित्येक जमिनींचे मालक बदलले. इ. स. १६९९ मध्ये न्यूग्रेंजची जमीन चार्ल्स कॅम्बेल नावाच्या गृहस्थाने पट्ट्याने घेतली. त्याला रस्त्यासाठी दगड हवे होते. शेतात एवढा मोठा दगडांचा ढीग असताना ते दुसरीकडून कशाला आणावयाचे, असे त्याला वाटले. त्याच्या मजुरांनी टेकाड उपसण्यास आरंभ केला, आणि थोड्याच वेळात नक्षीदार वळसे कोरलेली एक प्रचंड शिळा उघडी पडली. तिच्यामागे आत जाणाऱ्या मार्गाचे तोंड होते. त्याच वर्षी एडवर्ड लॉइड हा वेल्श विद्वान तेथे आला व त्याने या भुयाराचे वर्णन लिहून ठेवले. त्याचा बोलबाला झाला आणि ते टेकाड रस्त्याच्या कामी खर्ची पडण्यापासून वाचले.

इ. स. १८२४ मध्ये इंग्रज सरकारने साऱ्या आयर्लंडची मोजणी आरंभिली. हेतू व्यवहारी होता. जमिनीवरील कर न्यायाने बसवावयाचा, तर प्रत्येक शिवाराची सीमा आणि क्षेत्रफळ ठाऊक असणे आवश्यक होते. कर्नल कोल्बी या कामाचा प्रमुख होता. उष्णतेने लांबी बदलू नये म्हणून त्याने दोन धातूंच्या मोजपट्ट्या बनविल्या. जॉर्ज एव्हरेस्टने तशाच पट्ट्या पुढे हिंदुस्थानात आणल्या आणि येथील मोजणीत वापरल्या. परंतु नकाशावर रेषा काढणे सोपे होते. नावे लिहिणे अवघड. एकाच शिवाराचे नाव सरकारी दप्तरात एक, जमीनदाराच्या वहीत दुसरे आणि शेतकऱ्याच्या तोंडी तिसरेच, अशी स्थिती होती.

हा गुंता सोडविण्याचे काम इ. स. १८३० पासून जॉन ओडोनोव्हन या तरुणाकडे आले. किलकेनी परगण्यातील एका शेतकऱ्याचा हा मुलगा. वय अवघे चोवीस वर्षांचे. आयरिश त्याची घरची भाषा होती आणि जुनी हस्तलिखितेही त्याला वाचता येत. १८३४ पासून तो परगण्यामागून परगणे फिरू लागला. पावसात भिजत, चिखल तुडवीत तो गावोगाव जाई, आयरिश बोलणाऱ्या वृद्धांना शोधून काढी आणि प्रत्येक नाव त्यांच्या तोंडून ऐके. मग जुन्या कागदपत्रांतील रूपांशी ते ताडून पाही आणि मूळ रूप व अर्थ यांची नोंद करी. नकाशावर मात्र ते नाव इंग्रजी लिपीवळणाने लिहावे लागे. क्नोग्बाचे नाउथ आणि दुवधचे डाउथ झालेलेच होते; तीच रूपे नकाशावर कायम झाली. ओडोनोव्हनने इंग्रजी नावापाशी आयरिश रूप लिहून ठेवले नसते, तर कित्येक नावांचे अर्थ आज कोणालाही सांगता आले नसते.

१८३६ साली तो मीथ परगण्यात होता. न्यूग्रेंजच्या परिसरात तेव्हा जी लहानसहान नावे प्रचारात होती, त्यांत एक चमत्कारिक शब्द आढळे. तेथील एका गिरणीला आणि एका शेताला लोक 'ब्रो' म्हणत. इंग्रजीत या शब्दाचा काही अर्थ लागत नव्हता. परंतु ज्याने जुन्या पोथ्या वाचल्या होत्या, त्याच्या ध्यानी ही गोष्ट येण्यासारखी होती की, हा तर तोच ब्रू, देवांचा वाडा! मठ आला आणि गेला, जमीनदार बदलले, शिवाराचे दप्तरी नावही बदलून पाचशे वर्षे होत आली होती. तरी दळण घेऊन जाणारा शेतकरी न कळत एंगसच्या वाड्याचे नाव घेत होता. राजपत्रातून सुटलेले नाव गिरणीच्या वाटेवर शाबूत राहिले होते.

हे काम योग्य वेळी झाले, असेच म्हटले पाहिजे. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ आला. तो सुमारे १८५२ पर्यंत चालला. सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराई यांनी मृत्युमुखी पडली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. सर्वांत मोठा घाला गरीब, आयरिश बोलणाऱ्या खेडुतांवर पडला. ज्या वृद्धांनी ओडोनोव्हनला नावे सांगितली होती, त्यांच्या तोंडची भाषाच ठिकठिकाणी नाहीशी झाली. दहा-वीस वर्षे उशीर झाला असता, तर विचारणारा दारी येऊन उभा राहिला असता आणि उत्तर देणारे कोणी उरले नसते. ओडोनोव्हन स्वतः १८६१ साली डब्लिनमध्ये मरण पावला.

त्याच्यामागून हे कार्य पुढे नेणाऱ्यांत व्हिटली स्टोक्स या डब्लिनच्या विद्वानाचा उल्लेख केला पाहिजे. तो कायदेपंडित होता आणि १८६२ पासून १८८२ पर्यंत हिंदुस्थानात राहिला. दिवसा तो येथील कायद्यांचे मसुदे तयार करी. उरलेल्या वेळात आपल्या देशाच्या जुन्या पोथ्यांचा अभ्यास करी. १८७७ साली त्याने कलकत्त्यातच मध्ययुगीन आयरिश प्रवचने छापून प्रसिद्ध केली. स्थळनामांच्या त्या प्राचीन कथा, म्हणजे दिन्शेनखस, त्याने पुढे स्वदेशाकडे परतल्यावर संपादित केल्या.

विसाव्या शतकात या शिवाराच्या कथेला आणखी एक अनपेक्षित वळण लागले. १९६२ मध्ये मायकेल ओकेली या पुरातत्त्वज्ञाने न्यूग्रेंज येथे शास्त्रीय उत्खनन सुरू केले. त्याला प्रवेशद्वाराच्या वर दगडी चौकटीची एक लहानशी खिडकी आढळली. ती कशासाठी असावी, हे कोणास कळेना. आसपासच्या लोकांत मात्र एक समजूत चालत आलेली होती. वर्षातून केव्हातरी उगवत्या सूर्याचा किरण आत शिरून दालनातील तीन वळशांच्या नक्षीवर पडतो, असे ते म्हणत. विद्वान ही गोष्ट हसण्यावारी नेत. ओकेलीने ती पडताळून पाहण्याचे ठरविले. खिडकीची दिशा पाहता तो दिवस हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस असावा, असा त्याने तर्क केला. २१ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तो अंधाऱ्या दालनात एकटाच जाऊन थांबला. सूर्य क्षितिजावर आला. काही मिनिटांत खिडकीतून प्रकाशाची एक बारीक तिरीप आत शिरली, जमिनीवरून सरकत दालनापर्यंत पोहोचली, रुंदावली आणि ते सारे दालन उजळून निघाले. सुमारे सतरा मिनिटांनी प्रकाश मागे सरला आणि पुन्हा काळोख झाला. पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी दगड नेमके मोजून बसविले होते. वर्षातील सर्वांत लांब रात्र सरली, आता दिवस वाढत जाणार, ही वार्ता त्यांनी आपल्या मृतांच्या दालनातही पोहोचविली होती. शेजारच्या डाउथच्या टेकाडातही त्याच दिवसांत सूर्यास्ताचे किरण आत शिरतात, असे नंतर दिसून आले. दिवस आणि रात्र मागून घेणारा एंगस आणि सूर्य थांबवून धरणारी राजभगिनी यांच्या कथा याच भूमीत का रुजल्या असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एवढ्यावरून त्या कथा पाच हजार वर्षांच्या आहेत, असे म्हणता येणार नाही. विद्वान तसा दावाही करीत नाहीत. परंतु ग्रामस्थांचे बोलणे ऐकून घेण्याजोगे असते, एवढे त्या सकाळी सिद्ध झाले.

१९९३ साली बॉइनच्या वळणातील ही तिन्ही स्थाने जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. त्या यादीत आज त्यांची ओळख 'ब्रू ना बोन्ये' या प्राचीन नावाने करून दिलेली आहे. आयर्लंडमध्ये स्थळनामांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र सरकारी शाखा असून, ओडोनोव्हनच्या नोंदी तेथील अभ्यासकांना अजूनही उपयोगी पडतात. शिवाराचे इंग्रजी नाव मात्र न्यूग्रेंज हेच राहिले आहे आणि ते पुसून टाकावे, असेही कोणी म्हणत नाही. कारण तेही खोटे नाव नव्हे. त्या नावात धान्य पिकविणारे साधू आहेत. जुन्या नावात देवांचा वाडा पाहणारे कथाकार आहेत. आणि ज्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही, अशा प्रथम बांधणाऱ्यांची खूण म्हणून दर हिवाळ्यात सूर्याचा एक किरण त्या दालनात येऊन जातो.